तक्त्याची दुसरी बाजू

माझ्या ताईला कुणी काही सांगितलं आणि तिनं ते मुकाट्यानं मान्य केलं, असं आजवर झालेलं नाही. तिला स्वतः करून बघावं लागतं. बाजारात नवा साबण आला आणि शेजारणीनं त्याचं कौतुक केलं, की ताई भाऊजींच्या पांढऱ्या शर्टाची डावी बाही जुन्या साबणानं धुणार आणि उजवी नव्या. भाऊजी दिवसभर तो शर्ट घालून दुकानात बसणार, आणि संध्याकाळी ताई त्यांना उजेडात उभं करून दोन्ही हात पुढे करायला लावणार. गल्लीला याची इतकी सवय झाली आहे की आता कुणी थांबून बघतही नाही. भाऊजींनाही झाली आहे. ते न सांगता हात पुढे करतात.

तिच्या बाल्कनीत एकाच झाडाच्या दोन कुंड्या आहेत. एकीला उरलेल्या चहाचं पाणी, दुसरीला साधं. कोणती जास्त वाढते ते बघायचं असतं. "काय निघालं?" असं विचारलं की म्हणते, "अजून सांगता येत नाही, बघू." हा "बघू" तिच्या तोंडात कायमचा. लग्नाच्या वेळीही भाऊजींना तिनं हेच उत्तर दिलं होतं, आणि बिचाऱ्यांनी ते होकारासारखं घेतलं.

भाऊजींचं चष्म्याचं दुकान खाली, आणि वरच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. माझं दुकान समोर. मी कपडे शिवत नाही, दुरुस्त करते: चेन बदलणं, पँट आखूड करणं, वजन वाढल्याचं कबूल न करणाऱ्यांचे ब्लाऊज उसवून सैल करून देणं. मशीनवर बसल्या बसल्या मला भाऊजींचं अख्खं दुकान दिसतं, आणि ताईचा आवाज तर दार बंद असलं तरी ऐकू येतो.

आवाजावरून आठवलं. ताई शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते, आणि तिचा वर्ग म्हणजे त्या शाळेची शान. कुणी पाहुणे आले की मोठ्या बाई त्यांना आधी ताईच्या वर्गाच्या दाराशी आणून उभं करत. ताई म्हणे, "पुस्तकं उघडा," आणि सगळी पोरं एका सुरात धडा वाचत. ओळीखाली बोट फिरतंय, पूर्णविरामाला सगळे थांबतायत, प्रश्न आला की आवाज वर चढतोय. मी एकदा फाटलेला पडदा शिवून द्यायला गेले होते तेव्हा ऐकलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. म्हणूनच माझी मुलगी शाळेत जायची झाली तेव्हा मी मोठ्या बाईंच्या मागे हात धुऊन लागले, की हिला ताईच्याच वर्गात घाला.

माझ्या मुलीला सगळे रेडिओ म्हणतात. कारण सांगायची गरज नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडतं आणि झोपेतही मधूनमधून बातम्या चालू असतात. तिचे बाबा ट्रक चालवतात, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. ते कुठेही असोत, संध्याकाळी फोन लावून ती त्यांना पुस्तकातला धडा वाचून दाखवायची. ते ट्रक कडेला लावून ऐकायचे आणि मला म्हणायचे, "आपल्या घराण्यात असं फाडफाड कुणी वाचलंय का गं?" मी म्हणायचे, "मावशीवर गेलीय." शाळेच्या फाटकाच्या आत ती ताईला "बाई" म्हणते आणि बाहेर पाय पडला की "मावशी". यात तिची कधी चूक होत नाही, आणि घरी भांडण झालं तर मुद्दाम "बाई" म्हणते.

पहिलीचं निम्मं वर्ष सरलं होतं. एक दिवस वर्ग धडा वाचत असताना ताई बाकांच्या मधून फिरत होती. रेडिओच्या हातून एकदम दोन पानं उलटली गेली होती. तिचं बोट बेडकाच्या धड्यावर फिरत होतं आणि तोंडातून कोंबडीचा धडा बाहेर पडत होता, तोही अगदी बिनचूक, सगळ्या चढउतारांसकट. ताई तिच्या मागे बराच वेळ उभी राहिली. मग तिनं ठरवलं की पोरीची नजर अधू आहे. चष्मेवाल्याच्या बायकोला दुसरं काय सुचणार?

शाळा सुटल्यावर ती रेडिओला घेऊन तडक दुकानात आली आणि मला हाक मारली. मी मशीन सोडून गेले. भाऊजींनी रेडिओला उंच खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. रेडिओनं वरच्या मोठ्या अक्षरापासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून टाकलं. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

भाऊजींनी मात्र उठून तक्ता उलटा केला.

ही त्यांची जुनी सवय. वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी डोळे तपासायला येणारी मंडळी बाकावर नंबर लावून बसतात, आणि आपली पाळी येईपर्यंत पुढच्यांचं ऐकून तक्ता पाठ करतात. एक गृहस्थ तर तक्त्याकडे पाठ करून म्हणून दाखवायला लागले होते. तेव्हापासून भाऊजींनी मागच्या बाजूला वेगळी अक्षरं रंगवून घेतली आहेत, आणि कुणी फारच सफाईनं वाचलं की ते तक्ता फिरवतात. रेडिओ तर शाळेतून आली की रोज त्याच बाकावर खेळते.

तक्ता फिरला आणि रेडिओ बंद पडला. ती नुसती बघत राहिली. भाऊजींनी तपासणीची ती जड गोल फ्रेम तिच्या नाकावर ठेवली, एक भिंग घातलं, दुसरं घातलं. काही नाही. मग त्यांनी तक्ता भिंतीवरून काढून तिच्या हातात दिला. तरी काही नाही. एकदोन अक्षरं तिनं ओळखली आणि बाकीच्यांकडे असं बघितलं जसं रस्त्यावरच्या अनोळखी माणसांकडे बघतात. शेवटी त्यांनी लहान मुलांचा चित्रांचा तक्ता लांब दाराशी नेऊन धरला. होडी, किल्ली, पक्षी, छत्री, सगळ्यांत खालच्या ओळीतला बटणाएवढा मासासुद्धा तिनं सांगितला, आणि वर म्हणाली, "काका, त्याचा डोळा पुसलाय, नवीन काढा."

भाऊजींनी फ्रेम काढून मऊ कपड्यानं पुसली. ताईकडे न बघता म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. पोरीला दिसतं सगळं. वाचता येत नाही."

माझा पारा जो चढला तो विचारू नका. रेडिओला बिस्किटं आणायला पिटाळलं आणि ताईला म्हटलं, "तुझ्या हाताखाली दिली होती मी तिला. मुद्दाम दिली होती. सहा महिने तू काय शिकवलंस, पोपटपंची?" आणखीही बरंच बोलले. ताई उलट बोलेल म्हणून मी पुढचं वाक्यही तयार ठेवलं होतं. पण ती सरळ जिना चढून वर गेली. थोड्या वेळानं बाल्कनीत दिसली, आणि तिनं दोन्ही कुंड्यांना एकाच तांब्यानं साधं पाणी घातलं. ते बघितलं तेव्हा माझा राग अर्ध्यावर आला आणि त्या जागी भीती बसली. ताईला हे इतकं लागलं असेल तर ते खरंच गंभीर असणार. माझी पोर अक्षरशत्रू राहते की काय, हा एकच विचार मग माझ्या डोक्यात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी ताईनं वर्गात सामूहिक वाचन घेतलंच नाही. एकेका मुलाला टेबलाशी बोलावलं आणि पुस्तकात नसलेले सोपे शब्द फळ्यावर लिहून वाचायला सांगितले. काही मुलांनी वाचले. पण जवळजवळ निम्मा वर्ग रेडिओसारखाच निघाला. काही जण फळ्याऐवजी ताईच्या ओठांकडे बघत होते. एकानं पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द मनानंच लावला. एक जण म्हणाला, "बाई, चित्र दाखवा ना, मग सांगतो."

संध्याकाळी भाऊजी तिला म्हणाले, "माझ्या बाह्यांवर इतकी वर्षं प्रयोग करतेस. वर्गात एकदा तरी केला होतास?"

"सगळे म्हणायचे छान वाचतात," ताई म्हणाली. "मीही तेच म्हणायचे."

"मग आता?"

"आता बघू," ताई म्हणाली, आणि मला बरं वाटलं, कारण हा तिचा नेहमीचा "बघू" होता.

शिक्षकांसाठी वाचनाचं एक प्रशिक्षण चालू होतं. ताईनं ते दोनदा चुकवलं होतं, "मला कोण शिकवणार" म्हणून. आता स्वतःहून गेली. शिकवायला आलेली मुलगी ताईच्या निम्म्या वयाची, आणि ताईनं पहिल्याच दिवशी तिला धारेवर धरलं. ती मुलगी म्हणाली, चित्रावरून आणि अंदाजानं शब्द ओळखायला लावण्यापेक्षा अक्षर आणि त्याचा आवाज एका ठरलेल्या क्रमानं शिकवला, आवाज जोडून शब्द करायला लावला, तर जास्त मुलं वाचायला शिकतात, विशेषतः जी मागे पडतात ती. ताई म्हणाली, "कशावरून? दोन गट करून बघितलं होतं?"

"बघितलं होतं बाई. अनेक देशांत, हजारो मुलांवर."

"दोन्ही गट सारखेच होते? की हुशार मुलं एकीकडे घातली?"

मुलगी हसली आणि तिनं अभ्यासांची चळतच ताईपुढे ठेवली. ताई आठवडाभर ती वाचत होती. जेवताना भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवत होती, आणि भाऊजी "हं, हं" करत होते. शेवटी ती म्हणाली, "हे बाह्यांसारखंच केलंय त्यांनी." ताईकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही. मी विचारलं, "मग तूही निम्म्या वर्गाला जुनं आणि निम्म्याला नवं शिकवून बघणार का?" ती माझ्यावर डाफरली. "बाही खराब झाली तर दुसरा शर्ट घेता येतो. कोणत्या निम्म्या पोरांना जुनं देऊ? तुझ्या पोरीला देऊ?"

मग सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. सगळी मुळाक्षरं ओळीनं घोकायची नाहीत. आधी म, क, ल, न आणि काना, एवढंच. पण तेवढ्यातूनच लगेच शब्द: कान, मान, नाक, लाल, मामा, काका. आवाज वेगवेगळे म्हणायचे, मग जवळ आणायचे, मग एक करायचे. जे वाचलं तेच लिहायचं. ते पक्कं झालं की पुढची अक्षरं. ज्यांना जमत नाही त्यांना रोज थोडा वेळ वेगळं घेऊन बसायचं, आणि प्रत्येकाला अधूनमधून एकट्याला ऐकायचं. पाठ झालंय की वाचता येतंय हे कळावं म्हणून ताई अर्थ नसलेले शब्दही वाचायला द्यायची: लामक, नाकम, कामल. हे शब्द बनवायचं काम संध्याकाळी आमच्या दोन्ही घरांवर आलं. भाऊजी यात इतके रमले की गिऱ्हाइकांवर वापरायला लागले. "हा लामक उधारी ठेवून गेला," असं ते म्हणाले की मला कळायचं कोण ते. रेडिओनं तर नाकम ही शिवीच ठरवून टाकली आणि दिवसातून किमान एकदा ती मला मिळायची.

गाणी आणि गोष्टी मात्र ताईनं सोडल्या नाहीत. रोज एक गोष्ट ती स्वतः वाचून दाखवायची, मुलांशी तिच्यावर गप्पा मारायची. "शब्दच ऐकले नसतील तर वाचून कळणार काय?" म्हणायची. फक्त पाठ म्हणण्याला वाचन म्हणणं तिनं बंद केलं.

आता खरं सांगते. पुढचे काही महिने मला ताईचा भयंकर राग आला. वर्गाची ती गोड लय गेली. दारातून जाताना ऐकू यायचं ते अडखळणं, थांबणं, पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या बाईंनी पाहुण्यांना दुसऱ्या वर्गात न्यायला सुरुवात केली. पालक माझ्याकडे कपडे द्यायच्या निमित्तानं यायचे आणि विचारायचे, "तुमच्या ताईंची तब्येत बरी आहे ना?" आणि माझी रेडिओ, जी बाबांना फोनवर धबधब्यासारखं वाचून दाखवायची, ती आता एकेका शब्दाशी कुस्ती खेळत होती. एकदा फोन चालू असताना तिनं पुस्तक भिरकावलं. "मला आधी येत होतं! मावशीनं घालवलं!" ट्रकमधून तिचे बाबा विचारत होते, "काय झालं, काय झालं?" मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला.

मी तिला हाताला धरून समोर घेऊन गेले आणि ताईसमोर उभं केलं. ताईनं तिला जवळ घेतलं नाही, की चॉकलेट दिलं नाही. म्हणाली, "आधी येत नव्हतं, बेटा. आता यायला लागलंय, म्हणून अडतंय."

"तू नाकम आहेस," रेडिओ रडत म्हणाली.

"बरं. लिहून दाखव."

रेडिओनं नाक पुसलं आणि पाटीवर लिहिलं, काना जिथल्या तिथे. ताईनं ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ठीक आहे, बघू." माझ्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच आला असेल.

वर्ष संपल्यावर ताईनं मोठ्या बाईंकडे एकच गोष्ट मागितली, की हा वर्ग दुसरीतही तिच्याकडेच राहू द्या. त्यांनी जरा का कू केलं, पण दिला. दुसरीत अडखळणं कमी होत गेलं, इतकं हळूहळू की नेमकं कधी ते सांगता येणार नाही. रेडिओ फळ्यावरचं वाचायची, दुकानांच्या पाट्या वाचायची, बाटलीवरचं वाचायची. पण ते सगळं मोठ्यानं, आणि अजूनही कुणी सांगितलं म्हणून. माझ्या मनातली पाल चुकचुकत होतीच. हिला शब्द वाचता येतात, पण वाचन येतं का?

मग एकदा तिचे बाबा फेरीवरून परत आले ते गोष्टीचं पुस्तक घेऊन. वाटेतल्या कुठल्यातरी दुकानातलं, आमच्यापैकी कुणीच न पाहिलेलं. चित्रं फार कमी, अक्षरंच जास्त. मी मनात म्हटलं, पडून राहणार हे. रेडिओ ते घेऊन भाऊजींच्या दुकानात गेली आणि मी मशीनवर बसले, कारण एका माणसाला संध्याकाळी पँट हवी होती.

बऱ्याच वेळानं मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. मशीन थांबवून कान दिला. समोरून काहीच आवाज येत नव्हता. आमच्या घरात असं झालं की त्याचे दोनच अर्थ असतात, एक तर काहीतरी फुटलंय नाहीतर रेडिओला ताप आलाय. मी पँट तशीच टाकून रस्ता ओलांडला.

ती बाकाच्या टोकाला पाय पोटाशी घेऊन बसली होती. ओठ मिटलेले. भाऊजींनी मला बोटानं गप्प राहायची खूण केली. मी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

"काय गं, बरं वाटत नाहीये का?"

तिनं माझा हात बाजूला सारला. "थांब ना आई. कुत्रा विहिरीत पडलाय."

"कुठला कुत्रा? कुणाचा?" मी दाराकडे वळलेसुद्धा.

"अगं इथला," तिनं मान वर न करता पानावर बोट ठेवलं. "म्हातारा दोर आणायला गेलाय."

मी तिथेच बाकावर बसले. डोळे भरून आले, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या विहिरीचं चित्र पानावर नव्हतं. तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

ताई जिन्यातून खाली आली ती चहाचे कप घेऊनच. शांतता ऐकून तीही मधेच थांबली. भाऊजींनी तिला पुस्तक दाखवलं. तिनं ट्रे काउंटरवर ठेवला. तिच्या खिशात नेहमी एक पुठ्ठ्याची पट्टी असते, एकच शब्द दिसेल एवढी खिडकी कापलेली, मुलांना तपासायला. तिचा हात खिशात गेला. मी बघत होते. तो तसाच रिकामा बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदा ताईनं जाणूनबुजून काहीतरी न तपासता सोडलं.

ती रेडिओच्या शेजारी बसली आणि हळूच विचारलं, "मग, निघाला का बाहेर तो कुत्रा?"

रेडिओनं पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं. "सांगणार नाही. माझं झालं की तुला देते, तूच वाच."

"बरं," ताई म्हणाली.

आम्ही तिघं चहा हातात घेऊन बसून राहिलो. रेडिओनं पान उलटलं, एकच.